दहापैकी शून्य

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुईवाल्या डॉक्टरकडे जाऊन आले. नर्स म्हणाली, मावशी, दुखणं रोज लिहून ठेवत जा. मी म्हटलं, दुखतं तेवढं पुरे नाही का, वर लिहायचं पण? पण घरी लेकीची जुनी वही पडली होती, अर्धी कोरी. वाया कशाला घालवायची. ही वही कुणाला दाखवायची नाही. इथे सगळं खरं लिहिणार.

डॉक्टरने कंबरेचा फोटो उजेडावर धरून दाखवला. मणक्याच्या सांध्यांपाशी बारीक बारीक नसा असतात म्हणे. दुखण्याची खबर डोक्यापर्यंत त्या पोचवतात. मग ती खबर देणारी नसच जाळून टाकायची. कापाकापी नाही, टाका नाही, सुई आत घालून टोक गरम करायचं, संध्याकाळी घरी. त्याआधी एक टेस्टची सुई. मी म्हटलं, बरं. इतक्या शांतपणे म्हटलं की डॉक्टरलाच नवल वाटलं असेल. हातातल्या पिशवीचा बंद तेवढा तुटला. जुनाच होता तो.

मग विचारलं, दहापैकी किती दुखतं? मी म्हटलं, चार. आमचे हे बाजूच्या खुर्चीतून म्हणाले, नऊ. सकाळी पायातले मोजे मी चढवून देतो हिला. मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते कोपऱ्यातल्या सांगाड्याकडे बघायला लागले.

घाबरायचा प्रश्नच नाही. जाळणार म्हणजे काय, किती जाळणार. इस्त्रीचे चटके काय कमी खाल्लेत मी.

५ फेब्रुवारी, बुधवार

लॉन्ड्रीत मला बावीस वर्षं झाली. घडीच्या टेबलावर. मोठ्या चादरी एकटीने होत नाहीत, दोघी लागतात. माझ्यासमोर लांबी असते. नाव तिचं वेगळं आहे, पण हात वर केला की पंख्याला लागेल अशी उंची, म्हणून लांबी. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, चादर झटकायची, टोकं जुळवायची, एकमेकींकडे चालत यायचं. मी माझी टोकं तिच्या हातात देते आणि वाकून खाली लोंबणारी घडी उचलते. वाकायचं काम माझं, कारण मी बुटकी. रोजच्या चारशे चादरी. इतकी वर्षं कंबर एका शब्दाने बोलली नाही, आता अचानक तिला सगळं आठवलं.

सुपरवायझरने आज स्पष्ट सांगितलं. पंधरा एप्रिलपर्यंत टेबलावर नीट उभी राहा, नाहीतर कायमचं वर, चादरींवर नंबराच्या पट्ट्या शिवायला. वर म्हणजे जिना चढून खिडकीपाशी. ज्यांच्याकडून आता काही होत नाही त्या तिथे बसतात. मी म्हटलं, साहेब, मी वर जाईन ती मेल्यावरच. तो हसला नाही. त्याला विनोद कळत नाही.

तर ठरलं. पंधरा एप्रिलला मी टेबलावर. उद्यापासून सकाळी अर्धा तास चालायचं. आणि सुईबद्दल कुणाला एक शब्द सांगायचा नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लांबीला सांगितलं. तिला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे.

चालायला गेले. कोपऱ्यावर कुत्रं बसलं होतं. परत आले. त्याला उठवायचं कशाला उगीच.

८ फेब्रुवारी, शनिवार

लेकीने फोनवर व्हिडिओ लावला. आई बघ, काहीच नसतं, दहा मिनिटांचं काम. मी पूर्ण बघितला. मधेमधे डोळ्यांवर हात होता, पण तो चष्मा नीट करायला. लेक म्हणाली, आई, तू चष्मा लावतेस कधी? हल्लीच्या पोरी फार प्रश्न विचारतात.

व्हिडिओतली बाई पालथी पडून हसत होती. तिला पैसे मिळाले असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी साडेदहा

टेस्टच्या सुईसाठी आले आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते. नर्सने बीपी घेतलं, मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत घेतलं. म्हणाली, तासभर शांत बसा. मी म्हटलं, जिना चढून आले ना. ती म्हणाली, मावशी, दवाखाना तळमजल्यावर आहे.

मशीन बिघडलेलं आहे त्यांचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी साडेसात

झालं. सुई गेली तेव्हा मी आवाज काढला नाही. आवाज काढला असं हे म्हणतात, पण हे दाराबाहेर होते, त्यांना काय माहीत.

निघताना नर्सने एक कागद दिला. आठ चौकोन. हे औषध थोडे तास नसा बधिर ठेवेल, तेवढ्या वेळात घरी झोपून राहायचं नाही, रोजची कामं करायची, वाकायचं, उठबस करायची आणि दर तासाला चौकोनात दुखण्याचा आकडा लिहायचा. आकडा खाली आला तर पुढचं ठरवता येईल. समजलं ना मावशी? मी म्हटलं, समजलं. चौथीपर्यंत शिकलेय, अडाणी नाही.

आणि खरंच समजलं होतं. आकडा खाली म्हणजे दुखणं खाली. दुखणं खाली म्हणजे मी बरी झाले. बऱ्या माणसाला कोण जाळतं?

टॅक्सीतच आठही चौकोनांत शून्य लिहून टाकलं. हे म्हणाले, अगं, अजून पहिला तास पण झाला नाही. मी म्हटलं, कंबर माझी आहे की तुमची?

मग घरी येऊन आडवी झाले, ती आत्ता उठले. जरा हललं आणि सुईचं काही इकडचं तिकडे झालं तर पाय जायचे. दर पाच मिनिटांनी पायाची बोटं हलवून मोजली. दहाच्या दहा होती. हे चहा घेऊन आले, म्हणाले उठ, कागदावर लिहिलंय कामं करायची. मी म्हटलं, कागदाला कंबर नसते.

दुखत होतं का ते विचाराल तर माहीत नाही. न हलणाऱ्या माणसाचं काय दुखणार. पण सुटले. एका कागदात काम झालं. हुशारी म्हणतात ती हीच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कामावर सांगितलं, मी बरी झाले. तीस चादरींनंतर बसावं लागलं. काल दिवसभर पडून होते, त्याने अंग आखडलं. लांबी नुसती बघत राहिली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरने कागद हातात घेतला आणि त्याचा चेहराच उजळला. आठ शून्यं! म्हणाला, असा रिझल्ट वर्षातून एखादा बघायला मिळतो. नर्सला बोलावून दाखवला. नर्सने पलीकडच्या खोलीतल्या डॉक्टरला दाखवला. मी पण हसले. पिशवी उचलली, निघते म्हटलं, तुमचे फार उपकार झाले.

डॉक्टर म्हणाला, बसा, तारीख देतो ना. टेस्ट इतकी छान आली म्हणजे दुखणं याच नसांमुळे आहे हे पक्कं झालं. आता डोळे मिटून जाळायला हरकत नाही.

मी बसले. पाय आपोआप बसले, मी नाही.

चार मार्च.

घरी येताना हे म्हणाले, तुला आधीपासून ठाऊक होतं ना, शून्य आलं तर जाळतात, नाही आलं तर नाही? मी म्हटलं, तर काय. मग मी बसच्या खिडकीकडे तोंड केलं. हे म्हणाले, काय गं, गप्पशी? मी म्हटलं, खिडकीतून वारा येतोय, तोंडात जातो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शांतपणे विचार केला. टेस्टला माझी कंबर खरंच थांबली की नाही, कुणालाच माहीत नाही. मलाही नाही. आणि त्या कागदावर भरवसा ठेवून तो माझी नस जाळणार. नस चुकीची निघाली तर? दुखणं राहील आणि नस जाईल. दोन्हीकडून गेलं.

सोपं आहे. उद्या फोन करून खरं सांगायचं. दोन मिनिटांचं काम.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोन केला. आधी गाणं वाजलं. गाणं संपायची वाट बघेपर्यंत जेवणाची सुट्टी संपली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन केला. नर्सनेच उचलला. मी विचारलं, माझी छत्री राहिली का तिथे? ती म्हणाली, मावशी, छत्री घेऊन तुम्ही आलातच नव्हता. मी म्हटलं, मग बरोबर आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

चिठ्ठी लिहायची ठरवली. तोंडाने सांगण्यापेक्षा ते बरं. लिहिली: डॉक्टरसाहेब, शून्य लिहिलं ते मी लिहिलं पण ते शून्य नसावं, असू पण शकेल. वाचून मलाच काही कळेना. फाडली.

लेकीने विचारलं, आई, तू घाबरलीस का? मी म्हटलं, तुझा अभ्यास झाला का? ती म्हणाली, आई, मला नोकरी लागून दोन वर्षं झाली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

एक चांगला मुद्दा सापडला. डॉक्टर शिकलेला आहे. त्याच्याकडे एक्स-रे आहे, मशीन आहे. एवढा मोठा माणूस एका कागदावर थोडाच अवलंबून राहणार? त्याला आतलं दिसत असणार. म्हणजे सांगायची गरज नाही. बरं वाटलं.

रात्रीपर्यंत बरं वाटलं.

१ मार्च, शनिवार

लांबीने आज विचारलंच. सकाळी चादर धरली, झटकली आणि ती मधेच थांबली. म्हणाली, काय लपवतेस? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, बावीस वर्षं मी या चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. तुझ्या घरी भांडण झालं तरी मला टोकावरून कळतं. आज चादर अशी लटकते जणू पलीकडे कुणी नाहीच. बोल आता.

सांगितलं. टॅक्सी, आठ शून्यं, सगळं. आधी ती एवढी हसली की इस्त्रीवाल्या वळून बघायला लागल्या. मग तिने चादर खाली ठेवली. म्हणाली, अगं बये, तुझी अक्कल कुठल्या मशीनमध्ये पिळून निघाली? तो माणूस सुई घेऊन उभा राहणार आणि तू त्याला खोटा पत्ता देणार? मी म्हटलं, हळू बोल. ती म्हणाली, मंगळवारच्या आत सांग, नाहीतर मी येऊन सांगेन, आणि मला हळू बोलता येत नाही हे तुला माहीत आहे.

सांगणार. सोमवारी नक्की.

३ मार्च, सोमवार

आज दवाखान्यात गर्दी असणार. उद्या जायचंच आहे, तोंडावर सांगितलेलं शोभतं.

४ मार्च, मंगळवार, संध्याकाळी

सगळं लिहून ठेवते, नाहीतर हे काहीतरी तिखटमीठ लावून लोकांना सांगतील.

त्या टेबलाला तोंड ठेवायला भोक असतं. पालथं पडायचं आणि भोकातून फरशी बघायची. मला फक्त नर्सचे बूट दिसत होते. सांगायचं ठरलेलं होतं, पण तोंड भोकात असताना कुणाशी बोलणार? सुया गेल्या. चार. मी आईला हाक मारली नाही. मारली असेल तर ती सवय आहे.

डॉक्टर म्हणाला, आता नीट लक्ष द्या. थोडा करंट सोडतो. कंबरेत धकधकलं तर सांगा. पायात काही गेलं तर लगेच सांगा, कारण पायाची नस वेगळी, तिला अजिबात धक्का लागता कामा नये. तुम्ही जे सांगाल त्यावरच मी चालणार. पायात काही होतंय?

मी म्हटलं, नाही, काही नाही, एकदम ठीक.

डॉक्टर म्हणाला, मी अजून सोडलाच नाही.

 नर्सचे बूट जागचे हलले नाहीत. म्हणजे हा खरंच माझ्या सांगण्यावर चालणार! याला आतलं काही दिसत नाही! माझ्या पायांचा मालक म्हणजे मी सांगेन ते ऐकणारा हा माणूस, आणि मी ही अशी.  मग तोंड उघडलं ते बंदच होईना. टॅक्सीत लिहिली, आठही शून्यं टॅक्सीतच लिहिली, पडून होते, उठले नाही, बोटं मोजली, छत्री नव्हतीच, मला कळलं नव्हतं, मी समजलं म्हटलं पण समजलं नव्हतं. सगळं फरशीला सांगितलं.

बूट हलायला लागले. नर्स हसत होती. डॉक्टर हसला नाही. त्याने एक लांब श्वास सोडला आणि म्हणाला, बरं झालं आत्ता सांगितलंत. दहा मिनिटांनी सांगितलं असतं तर ऐकायला फार उशीर झाला असता. ते ऐकून माझी बोटं आपोआप हलली. मोजली. दहा.

म्हणाला, सुया आत आहेतच, आज जाळत नाही, फक्त बधिर करायचं औषध घालतो. परत टेस्ट. पण या वेळी तुम्ही इथेच थांबायचं, आमच्या डोळ्यांसमोर. आणि कागद तुमच्या हातात द्यायचा नाही.

कागद यांच्या हातात दिला. हे एका मोठ्या इमारतीत लिफ्टवर असतात, दिवसभर लोकांना वर-खाली नेतात आणि स्वतः स्टुलावर बसतात. त्यांना कामाचं माणूस म्हणून उभं केलं म्हणजे बघा. नर्सने विचारलं, रोज काय काम करता? मी म्हटलं, चादरी. तिने धुतलेल्या चादरींचं गाठोडं आणून टाकलं. म्हणाली, करा.

समोर हे. टोक धरता येत नाही. झटका म्हटलं तर टोक सोडून देतात. इकडे या म्हटलं तर चादर खाली ठेवून येतात. मी ओरडले, अहो, धरून या! बाकावरचे पेशंट उठून बघायला लागले. एकजण म्हणाला, डावीकडून दुमडा की. हे म्हणाले, तुम्हीच या मग.

तिसरी का चौथी चादर असेल. मी वाकले, घडी उचलली आणि उभी राहिले. मग आठवलं की वाकले होते. परत वाकले, मुद्दाम. परत. जी कळ रोज खालून वर चढते, ती आलीच नाही. हे पेन घेऊन म्हणाले, किती? मी म्हटलं, थांबा हो. आणखी एकदा वाकले. मग म्हटलं, दोन लिहा.

सकाळी आठ होता. चार नव्हे, आठ. तेही लिहायला सांगितलं.

त्या दवाखान्यात कसली पावडर वापरतात कोण जाणे, डोळ्यांतून पाणी येत राहिलं.

५ मार्च, बुधवार

औषध उतरलं. कळ परत आली, हक्काने. पण म्हणजे नस तीच आहे. डॉक्टर म्हणाला, आता खरंच डोळे मिटून करायला हरकत नाही. अकरा तारीख.

आता पळवाट राहिली नाही. म्हणजे मी शोधत होते असं नाही.

११ मार्च, मंगळवार, संध्याकाळी

जाळलं. प्रत्येक ठिकाणी दीड मिनिट. आधी करंट सोडला, विचारलं, पायात? मी म्हटलं, उजव्या पोटरीत, अगदी बारीक. सुई थोडी सरकवली. पायात? नाही. नक्की? मी म्हटलं, नक्की, आईची शपथ. मग कुठे गरम केलं. पोटरीत उठलेलं ते मी सांगितलं नसतं तर, याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय. दर दहा मिनिटांनी ठरवतेय.

सोमवारी कामावर. शुक्रवारीच जाणार होते, पण डॉक्टरचा मान ठेवायला हवा.

१३ मार्च, गुरुवार

आधी दुखायचं त्याच्यापेक्षा जास्त दुखतंय. कंबरेवर कुणी गरम तवा ठेवून विसरल्यासारखं. कागदावर छापलंय की एक-दोन आठवडे असं होतं. छापायला काय जातं.

नर्सला फोन केला. सहा वेळा. सहाव्या वेळी गाणं पूर्ण पाठ झालं होतं, मीच म्हणत होते. ती म्हणाली, मावशी, बर्फाने शेका आणि जरा चाला. मी म्हटलं, चालले आणि काही सुटलं तर? ती म्हणाली, काय सुटणार? मी म्हटलं, तेच तर विचारतेय.

१६ मार्च, रविवार

आज पाय गेला.

दुपारी चारला पलंगावरून उठायला गेले तर डावा पाय माझा नाही. चिमटा काढला, कळलं नाही. मी ओरडले नाही, शांतपणे लेकीला बोलावलं आणि कपाटाची चावी कुठे असते ते सांगितलं. तिला रडू फुटलं. हे धावत आले, पाय हातात घेतला आणि विचारलं, किती वेळ मांडी घालून बसली होतीस? मी म्हटलं, जेवणानंतर. ते म्हणाले, म्हणजे अडीच तास पायावर बसलीस. चोळला, मुंग्या आल्या, पाय परत आला. लेक हसायला लागली, रडतच.

चावीची जागा बदलावी लागेल आता.

२४ मार्च, सोमवार

कामावर जायचं होतं. मागच्या सोमवारी पण जायचं होतं. दुखणं कमी झालंय हे खरं. उठताना तीन, बसताना एक. पण वाकून बघितलेलं नाही. खाली पडलेलं उचलायला लेकीने लांब दांड्याचा चिमटा आणून दिला, त्याने चमचा, मोजा, पेन्सिल, सगळं उचलता येतं. वाकायची गरजच काय. लोकांना या चिमट्याबद्दल माहीतच नाही.

२ एप्रिल, बुधवार

लांबी भेटायला आली. तिच्यासमोर आता एक नवी मुलगी उभी राहते. कशी आहे विचारलं. म्हणाली, हात चालतो, डोकं नाही, टोक जुळवताना माझ्याकडे बघतच नाही. मग म्हणाली, पंधराला येतेस ना? मी सुपरवायझरला सांगून ठेवलंय, तिला फक्त तोवर. मी म्हटलं, म्हणजे काय, येणारच. तिने चिमट्याकडे बघितलं. मी तो पलंगाखाली सरकवला. मग तो पलंगाखालून काढायला दुसरा चिमटा नव्हता.

हे कामावरून आल्यावर त्यांनी काढला.

८ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरने तपासलं. दाबून बघितलं, पाय उचलून बघितले. म्हणाला, उत्तम. नस वर्षा-दीड वर्षाने पुन्हा वाढूही शकते, तेव्हा तेव्हाचं बघू. आता किती? मी खरं सांगितलं, शून्य. तो जरा थांबला, यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, खरं आहे, मी बघतोय. मग म्हणाला, वाकून दाखवा. मी गुडघ्यापर्यंत वाकले. म्हणाला, अजून. मी म्हटलं, आज पोटभर जेवलेय. म्हणाला, घरी रोज वाकत जा, न वाकल्याने कंबर आखडेल. ती आता दुखत नाही, फक्त तुम्हाला सवय राहिली नाही.

उद्यापासून रोज दहा वेळा. पंधराला टेबल.

९ एप्रिल, बुधवार

आज पाहुणे होते.

१२ एप्रिल, शनिवार

आज पाहुणे नव्हते, पण येतील असं वाटत होतं.

१५ एप्रिल, मंगळवार

वेळेवर गेले. सगळ्यांनी विचारपूस केली. सुपरवायझरने चक्क मान हलवली. नवी मुलगी बाजूला झाली. लांबी समोर उभी राहिली, चादर घेतली, दोन टोकं माझ्याकडे फेकली. झेलली. झटकली. फाटकन् आवाज आला, तो ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. टोकं जुळवली. तिच्याकडे चालत गेले. टोकं तिच्या हातात दिली. आता वाकायचं.

चादरीची घडी खाली लोंबत होती, फरशीपासून वीतभर. मी तिच्याकडे बघत होते. दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं. फक्त मला खाली कळ दिसत होती, तिथे बसलेली, घडीच्या आत, हात लावायची वाट बघत.

लांबी हळूच म्हणाली, वाक ना गं. तिला हळू बोलता येतं हे मला आज कळलं. मी म्हटलं, थांब. ती थांबली. मागे वाळलेल्या चादरींच्या ढकलगाड्या येऊन उभ्या राहायला लागल्या. एक, दोन, तीन. लांबीचे हात वर धरून थरथरायला लागले, चादर जड असते. मी म्हटलं, थांब ना. ती म्हणाली, थांबलेय.

मग तिनेच एका हातात टोकं धरली, एवढी उंच बाई, खालपर्यंत वाकली आणि घडी उचलली.

मी सुपरवायझरकडे गेले. म्हटलं, साहेब, वरच्या पट्ट्यांच्या कामाला काही शिस्त नाही, नंबर चुकतात, चादरी भलत्या ठिकाणी जातात. तिथे एखादं जुनं, कळतं माणूस हवं. त्याने थांबलेल्या गाड्यांकडे बघितलं. मग म्हणाला, जा.

१७ एप्रिल, गुरुवार

वरची खुर्ची बरी आहे. खिडकीतून उजेड येतो. पट्ट्यांवरचे नंबर खरंच चुकत होते, सकाळपासून चार सापडले. म्हणजे मी म्हटलं ते खोटं नव्हतं. इथून जायची घाई करायला नको, आधी सगळं नीट लावून देते.

कंबर दिवसभर दुखली नाही. एकदाही नाही.

खालचा आवाज जिन्यातून वर येतो. चादर झटकली की फाटकन्. लांबीचा झटका वेगळा, लगेच ओळखू येतो. दुसऱ्या टोकाचा अजून ढिला आहे, पण सुधारेल ती मुलगी. मी काही लक्ष देत नाही, माझं माझं काम आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशे बारा चादरी झाल्या.